जिभेखालची गोळी आणि छातीवरचे हात

आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथं अडखळलो तेवढं नीट केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांनी वाचा, आणि वाचून झालं की घरातल्या एकाला तरी सांगा.

आजचा विषय नावाला जड आहे. नायट्रिक ऑक्साइड नावाचा एक वायू आपल्या शरीरात तयार होतो. तो तयार करणारी विकरं, म्हणजे आपण ज्यांना एन्झाइम म्हणतो ती, आणि बंद पडलेलं हृदय परत चालू करण्यात त्यांचा वाटा काय, हे आज बघायचंय. पण सुरुवात माझ्या दुकानातून करतो, कारण हा प्रश्न मला पुस्तकात नाही, दुकानात भेटला.

मी धर्माबादला मेडिकल दुकान चालवतो, मोंढ्याजवळ. धर्माबाद म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात, लाल मिरची आणि बाभळीचा बंधारा. दोन्ही आजच्या गोष्टीत येणार आहेत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरचीची आवक जोरात होती. भर दुपारी एक पोरगं पळत दुकानात आलं. "काका, सॉर्बिट्रेट द्या लवकर, मालक पडलेत." मी चिठ्ठी विचारली नाही. पट्टीतून दोन गोळ्या कापल्या आणि त्याच्यामागं मीही पळालो.

अडत दुकानात मालकांना पोत्यांना टेकवून बसवलं होतं. मान एका बाजूला कलंडलेली. एकजण तळपाय चोळत होता, एकजण तोंडावर पाणी मारत होता, कुणीतरी कांदा फोडून नाकाला लावला. मधूनच घशातून घोरल्यासारखा आवाज यायचा आणि सगळे म्हणायचे, "श्वास चालू आहे, श्वास चालू आहे." मी गोळी जिभेखाली सरकवली. जीप आली, चौघांनी उचललं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावा झाल्यावर त्यांचा मुलगा दुकानात आला. बराच वेळ काउंटरपाशी उभा राहिला आणि मग म्हणाला, "काका, गोळी उशिरा पडली का हो? पाच मिनिटं आधी दिली असती तर?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. औषधं विकणारा माणूस मी, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यानंतर मी जे वाचलं, डॉक्टर मित्रांना विचारलं, ते आज सांगतो.

त्या गोळीत असतं काय?

सॉर्बिट्रेट म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. नायट्रोग्लिसरीनच्याच कुळातली. हो, तेच नायट्रोग्लिसरीन, ज्यापासून आल्फ्रेड नोबेलनं डायनामाइट केलं. गंमत बघा, म्हातारपणी नोबेलला छातीत दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी त्याला नायट्रोग्लिसरीनच घ्यायला सांगितलं होतं. ते छातीत दुखण्यावर चालतं कसं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

ते कळायला जवळपास शंभर वर्षं गेली. १९७७ मध्ये फेरिद मुराद यांनी दाखवलं की या औषधांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या रक्तवाहिनीच्या तुकड्यांवर काम करत होते. वाहिनीला आतून एक अगदी पातळ अस्तर असतं. ते शाबूत असलं की औषध टाकल्यावर वाहिनी सैल पडायची. अस्तर खरवडलं गेलं की तेच औषध टाकून वाहिनी सैल पडायची नाही. म्हणजे अस्तरातूनच काहीतरी निरोप आतल्या स्नायूंकडं जात होता. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी १९८६ मध्ये मांडलं. १९९८ मध्ये या तिघांना नोबेल पारितोषिक मिळालं. नोबेलच्या औषधाचं कोडं सोडवलं म्हणून नोबेलच्याच नावाचं बक्षीस.

तर गोळी काय करते? शरीरात गेल्यावर तिच्यातून नायट्रिक ऑक्साइड मोकळा होतो. तो रक्तवाहिनीच्या स्नायूंत शिरतो आणि त्यांना सांगतो, ढिले पडा. शिरा सैलावतात, हृदयाकडं येणारा लोंढा कमी होतो, त्याच्यावरचा भार उतरतो आणि दुखणं थांबतं. यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: हृदय चालू आहे. गोळी विरघळून रक्तात जायला रक्त वाहायला पाहिजे ना?

इथं आपल्याकडं मोठा घोटाळा होतो. हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट हे आपण एकच समजतो. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबली. माणूस घामाघूम होतो, छातीत कळ येते, पण बहुतेक वेळा तो बोलतो, "दुखायलंय" म्हणतो. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे पंपच बंद. माणूस क्षणात कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, पण दोन्हींचा उपाय एक नाही. पंप बंद असताना जिभेखाली ठेवलेली गोळी तिथंच राहते. उलट बेशुद्ध माणसाच्या घशात ती अडकायची भीती.

म्हणजे मी त्या दिवशी जी गोळी घेऊन पळालो, ती पाच मिनिटं आधी पोचली असती तरी उपयोग नव्हता. मुलाच्या प्रश्नाचं हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं जास्त अवघड आहे.

शरीराचा स्वतःचा कारखाना

नायट्रिक ऑक्साइड आपण बाहेरून देतो ते सोडा, शरीर स्वतःच तो दिवसभर बनवत असतं. बनवणाऱ्या विकराचं नाव नायट्रिक ऑक्साइड सिंथेज. आपण त्याला नुसतं 'नॉस' म्हणू. त्याचा कच्चा माल दोन गोष्टींचा. एक आर्जिनिन, जे शेंगदाण्यात, डाळीत भरपूर असतं. दुसरा प्राणवायू. या दोन्हींपासून विकर नायट्रिक ऑक्साइड काढतं आणि मागं उरतं सिट्रुलिन. हे सिट्रुलिन नाव टरबुजावरून पडलंय, कारण ते टरबुजाच्या रसात सापडलं होतं.

तयार झालेला वायू काही सेकंदच टिकतो. साठवून ठेवता येत नाही. लागेल तिथं, लागेल तेव्हा, लागेल तेवढाच बनवायचा, असा हिशोब.

या नॉसचे तीन भाऊ आहेत. एकाच घरातले, पण स्वभाव वेगळे.

पहिला ई-नॉस. हा रक्तवाहिनीच्या अस्तरात राहतो. थोडं थोडं, पण सतत काम करणारा. याला कामाला कोण लावतं? वाहतं रक्त. रक्त अस्तराला घासून जातं तो रेटा याला जाणवतो आणि हा वायू सोडतो. वाहिनी रुंद होते, रक्तातल्या चिकट पेशी एकमेकींना धरून गुठळी करत नाहीत. प्रवाह आहे तर हा आहे.

दुसरा एन-नॉस. हा मेंदूत, मज्जापेशींत. निरोप इकडून तिकडं पोचवण्याचं याचं काम. एरवी गुणी, पण मेंदूचा प्राणवायू तुटला की पेशींमध्ये कॅल्शियमचा लोंढा शिरतो आणि हा भडकतो. मग नको तेवढा वायू सोडतो.

तिसरा आय-नॉस. हा एरवी घरात दिसतच नाही. जंतुसंसर्ग झाला, मोठी इजा झाली की काही तासांनी उगवतो, आणि आला की थांबायचं नाव घेत नाही. ढिगानं वायू काढतो. जंतू मारायला ते बरं असतं, पण सगळ्या वाहिन्या एकदम सैल पडल्या तर रक्तदाब तळाला जातो.

हृदय थांबतं तेव्हा

आता अरेस्टच्या क्षणी या तिघांचं काय होतं बघू. रक्त थांबलं. ई-नॉसला प्रवाहाचा रेटा नाही, प्राणवायू नाही. कारखान्याचं शटर खाली. मेंदूत एन-नॉस भडकायच्या तयारीत. आणि समजा उपचारानं हृदय परत चालू झालं, तर सगळं ठीक झालं असं नाही. अचानक प्राणवायू परत येतो तेव्हा पेशींत त्याचे काही खवळलेले कण तयार होतात. नायट्रिक ऑक्साइड त्यांना भेटला की पेरॉक्सिनायट्राइट नावाचं जहाल रसायन बनतं. खुद्द ई-नॉससुद्धा जोडीदार रसायन संपलं की चांगला वायू सोडून तेच खवळलेले कण बनवायला लागतो. आणि काही तासांनी आय-नॉस जागा होतो. म्हणून हृदय परत चालू झालेली माणसंही पुढं अतिदक्षता विभागात रक्तदाब पडून, मेंदूला इजा होऊन दगावतात.

एकच वायू, कधी तारतो, कधी मारतो? हे ऐकून गोंधळायला होतं. पण धर्माबादच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपला बाभळी बंधारा घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याची दारं १ जुलैला उघडायची आणि २८ ऑक्टोबरला बंद करायची. मधल्या काळात पाणी पुढं तेलंगणात जातं, मग उरतं ते आपलं. गोदावरीचं पाणी तेच. दारं कधी उघडी, कधी बंद, यावरून दोन राज्यं वर्षानुवर्षं भांडली, कारण शेतीचा सगळा खेळ त्या तारखांवर आहे. उन्हाळ्यात थोडं सुटलेलं पाणी पीक वाचवतं आणि भर पुरात आलेलं तेच पाणी पीक घेऊन जातं. नायट्रिक ऑक्साइडचंही तसंच. कुठं, किती आणि कधी, यावर सगळं.

संशोधकांनी काय करून पाहिलं

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुमितो इचिनोसे यांच्या गटानं उंदरांवर प्रयोग केले. उंदरांचं हृदय थांबवायचं, मग दाबून परत चालू करायचं. २००९ च्या सुमारास त्यांनी दाखवलं की ज्या उंदरांत ई-नॉस नव्हताच, त्यांचे हाल जास्त झाले. ज्यांच्या हृदयात तो मुद्दाम वाढवला होता, ते जास्त तगले. २०११ मध्ये त्याच गटानं हृदय परत चालू झाल्यावर एका तासानं उंदरांना श्वासातून अगदी थोडा नायट्रिक ऑक्साइड दिला, हवेच्या दहा लाख भागांत ४० भाग. ते उंदीरही जास्त जगले, मेंदूही बरा राहिला.

मग माणसांत? इथं मात्र हात टेकावे लागले. २०२१ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या परिसरात, दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्या सुमारे १५०० जणांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. अ‍ॅम्ब्युलन्समधल्या लोकांनी सोडियम नायट्राइटचं इंजेक्शन दिलं, ज्यातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. काहींना नुसतं पाणी-मिठाचं इंजेक्शन. फरक पडला नाही. ज्यांना औषध दिलं ते दवाखान्यापर्यंत जिवंत पोचण्याचं प्रमाण वाढलं नाही.

उलट्या बाजूनंही प्रयत्न झाला. आय-नॉसचा पूर येतो ना, मग सगळ्याच नॉसची दारं बंद करू, असा विचार. हार्ट अटॅकनंतर रक्तदाब पडलेल्या ३९८ रुग्णांवर असं विकर बंद करणारं औषध वापरलं, त्याचा निकाल २००७ मध्ये आला. महिन्याभरात औषध घेतलेल्यांपैकी ४८ टक्के गेले, न घेतलेल्यांपैकी ४२ टक्के. म्हणजे फायदा नाहीच. चाचणी मध्येच थांबवली. कारण उघड आहे, वाईट भावाला कोंडायला गेलं तर चांगला भाऊही कोंडला जातो.

नायट्रिक ऑक्साइडचं औषध जीव वाचवतच नाही असं मात्र समजू नका. आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणात महाडला काम करताना त्यांनी विंचूदंशावर जे केलं ते जगभर गेलं. लाल विंचवाच्या विषानं रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर प्रचंड ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं. अशा रुग्णांना त्यांनी ऐंशीच्या दशकात सोडियम नायट्रोप्रुसाइडचा ड्रिप लावला. हे औषध शरीरात नायट्रिक ऑक्साइडच सोडतं. वाहिन्या सैलावल्या, हृदयाचा भार उतरला, मरणाच्या दारातली माणसं परतली. पुढं त्यांनी प्राझोसिनची साधी गोळी रूढ केली, तिचं काम वेगळ्या वाटेनं चालतं.

आता फरक बघा. विंचू चावलेल्याचं हृदय ताणाखाली असतं, पण चालू असतं. रक्त फिरत असतं, म्हणून औषध पोचतं. अमेरिकेत मिनेसोटामध्ये डुकरांवरच्या प्रयोगात हृदय बंद असतानाही नायट्रोप्रुसाइड देऊन बघितलं आणि मेंदूकडं जाणारं रक्त वाढलं. पण कधी? छाती दाबणं चालू असताना. औषध वाहून न्यायला कुणीतरी रक्त हलवत होतं म्हणून. माणसांसाठी तो अजून रोजचा उपचार झालेला नाही.

मग आपल्या हातात काय?

सगळं फिरून एकाच जागी येतं. प्रवाह. ई-नॉसला प्रवाह पाहिजे, प्राणवायू पाहिजे. औषधाला प्रवाह पाहिजे. मेंदूला तर पाहिजेच पाहिजे. आणि बंद पडलेल्या हृदयातून प्रवाह काढायचा एकच मार्ग रस्त्यावरच्या माणसाकडं आहे, तो म्हणजे छातीवर ठेवलेले दोन हात. नीट दाबलं तर नेहमीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश रक्त पुढं सरकतं. थोडंच, पण तेवढ्यावर मेंदू तग धरतो, आणि त्या अस्तरातल्या विकरालाही त्याचा रेटा आणि प्राणवायू थोडाफार परत मिळतो. हे काम करणारी गोळी अजून निघालेली नाही.

भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी सोपी पद्धत ठरवून दिली. तोंडाला तोंड लावायची गरज नाही, फक्त दाबायचं. डोक्यात पक्कं ठेवा:

माणूस कोसळला, खांदे हलवून हाक मारली, ओ नाही. श्वास नाही, किंवा मधूनच घोरल्यासारखा, आचके दिल्यासारखा आवाज येतोय. तो श्वास नाही. पुन्हा सांगतो, तो श्वास नाही. मरणाऱ्या मेंदूची ती धडपड असते. अडत दुकानात आम्ही सगळे त्याच आवाजाला फसलो.

एकानं १०८ ला फोन करायचा. दुसऱ्यानं माणसाला कडक जमिनीवर उताणं झोपवायचं. बसवायचं नाही, पोत्याला टेकवायचं नाही. छातीच्या मधोमध हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा टाचेकडचा भाग ठेवायचा, वर दुसरा हात. कोपर सरळ. पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, तेव्हाच हृदयात रक्त भरतं. दमलात की दुसऱ्याला द्या, पण थांबू नका. बुडालेला माणूस किंवा लहान लेकरू असेल आणि तुम्हाला येत असेल तर श्वासही द्या.

मदत न मिळता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते असं मानतात. नांदेडची मोठी हॉस्पिटलं आपल्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. हिशोब तुम्हीच करा.

बरगडी मोडेल म्हणून घाबरू नका. मोडली तर जोडता येते.

आणि सॉर्बिट्रेट? ती डॉक्टरांनी ज्याला लिहून दिली त्यानं, शुद्धीवर असताना, बसून घ्यायची. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं किट बघून दुसऱ्याच्या तोंडात कोंबायची नाही. ज्यांनी सिल्डेनाफिल घेतलंय त्यांच्यात तर रक्तदाब धोकादायक पडतो, कारण ते औषधही नायट्रिक ऑक्साइडच्याच वाटेवर काम करतं.

राहिलं ते अर्धं उत्तर. त्या मुलाला मी नंतर गाठून सांगितलं, "बाळा, गोळी उशिरा पडली नाही. तिचा त्यात काही दोष नव्हता, आणि तुझाही नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचं वाक्य मात्र माझ्या तोंडातून निघालं नाही. ते आज इथं बोलतो: त्या अडत दुकानात आम्ही पंधरा-वीस माणसं होतो, चाळीस हात होते, आणि छातीवर एकही नव्हता. माझेही नव्हते. छाती दाबली असती तर ते वाचलेच असते असं कुणी म्हणू शकत नाही. पण संधी मिळाली असती, ती आम्ही दिली नाही.

तेव्हापासून दुकानात कुणी धापा टाकत सॉर्बिट्रेट मागायला आलं की मी पट्टीला हात लावायच्या आधी विचारतो, "बोलायलेत का ते?" नाही म्हणालं की शटर तसंच उघडं टाकून मी त्याच्याबरोबर पळतो, यावेळी गोळी न घेता.

भेटू पुढच्या भागात. तोवर एकदा उशीवर दाबून बघा, मिनिटाला शंभर कसे होतात ते. सोपं नाही, पण जमतं.